उतारावर गिअर काढायचा

माझ्या गाडीत बसायचं तर तोंड बंद ठेवायचं, हे मी कॉलिनला पहिल्याच दिवशी बजावलं होतं. इंग्लंडचा रेसिंग ड्रायव्हर असेल तो त्याच्या घरी! शिकागोत तो आमच्या बेसमेंटमध्ये भाड्यानं राहत होता, आणि मी किराणा आणायला डेव्हन ॲव्हेन्यूला निघाले की हे महाशय पुढच्या सीटवर हजर.

त्याची तक्रार एकच. उतार आला की मी गिअर काढून गाडी न्यूट्रलला का टाकते? अहो, आम्ही पुण्याचे. बाबांची फियाट खंबाटकीचा घाट उतरायची ती अशीच. पेट्रोल वाचतं! शिकागो म्हणजे नुसता पोळपाट, पण पुलाचा उतार मिळाला तरी मी सोडत नसे. शैलेंद्र, माझा नवरा, मागे बसून कपाळाला हात लावायचा. कॉलिन डोळे मिटून पुटपुटायचा, "काकू, धिस इज नॉट ड्रायव्हिंग." काकू हे त्यानं शेजारच्या पोरांकडून उचललेलं.

मी मात्र त्याच्यावर मनापासून चिडू शकत नव्हते. आठव्या वर्षापासून हा माणूस गाड्या पळवत होता. दिवसा पावाची व्हॅन चालवून रविवारी रेस करायचा. पुढे एका अपघातात दोन्ही पाय मोडले, तरी उभा राहिला आणि अमेरिकेत आला. इथे तीन वर्षांत दोनदा दुसरा आला, पहिला एकदाही नाही. शहाऐंशीच्या सप्टेंबरात त्याच्या टीमच्या मालकानं त्याला स्पष्ट सांगितलं, की विस्कॉन्सिनची रेस जिंकलास तर पुढच्या वर्षी गाडी तुझी, नाहीतर दुसरा ड्रायव्हर तयार आहे. त्या आठवड्यात कॉलिन जेवायलासुद्धा वर आला नाही. माझा जीव तुटत होता.

रेसच्या दिवशी मी आणि शैलेंद्र पुरीभाजीचा डबा घेऊन ट्रॅकच्या मोठ्या उतारापाशी गवतावर बसलो. गाड्यांच्या आवाजानं कान बधिर व्हायची वेळ आली. शेवटच्या काही फेऱ्या उरल्या तेव्हा कॉलिन तिसरा होता. लाउडस्पीकरवर सांगत होते, की सगळ्यांचंच इंधन संपत आलंय, शेवटपर्यंत कुणालाच पुरणार नाही. पुढचे दोघं इंधन भरायला आत वळले. कॉलिन वळला नाही. टीम त्याला रेडिओवरून बोलावतेय आणि तो ऐकत नाहीये, असंही सांगितलं. शैलेंद्र म्हणाला, संपलं सगळं, हा मध्येच बंद पडणार.

एवढ्यात कॉलिनची निळी गाडी चढावर दिसली. माथ्यावर आली आणि तिची गर्जना एकदम पडली. आजूबाजूचे लोक हळहळले, इंजिन गेलं म्हणाले. गाडी आमच्या समोरून नुसती वाऱ्याचा आवाज करत खाली घरंगळत गेली, आणि तळाशी पोचल्यावर पुन्हा डरकाळली.

मी ताडकन उठले. मांडीवरचा डबा उलटला, पुऱ्या गवतात. "अहो, गिअर काढला त्यानं!" मी शैलेंद्रचा दंड धरून ओरडले. "माझ्यासारखा काढला मेल्यानं!"

पुढच्या प्रत्येक फेरीला तेच. माथ्यावर चिडीचूप, तळाशी गर्जना. इंधन भरून आलेले दोघं मागून वेगानं अंतर कापत होते. शेवटची फेरी आमच्यासमोरून गेली, आणि पुढचं काही दिसेना. मी डोळे मिटून गणपतीला हाका मारत होते. मग लाउडस्पीकरवरचा माणूस किंचाळला. कॉलिन पहिला! रेघ ओलांडली आणि लगेच गाडी बंद पडली, टाकी कोरडी ठणठणीत. मी तिथेच बसून ढसाढसा रडले, आणि शैलेंद्रही रडला.

पुढच्या वर्षाचा करार मालकानं तिथेच पक्का केला. संध्याकाळी टीमची आलिशान गाडी सोडून कॉलिन माझ्या जुन्या डॅटसनमध्ये येऊन बसला, ट्रॉफी मांडीवर घेऊन. काय तो रुबाब! आता एवढा मोठा विजेता शेजारी बसलाय म्हटल्यावर मी जरा शहाण्यासारखी चालवत होते. एक लांबलचक उतार आला, तरी गिअरला हात लावला नाही.

कॉलिननं माझ्याकडे पाहिलं. मग गिअरकडे पाहिलं.

"काकू," तो म्हणाला, "पेट्रोल."

मी गिअर काढला, आणि आम्ही तिघं हसत हसत तो उतार उतरलो.