दादाचं बटण

मागचं झाकण हरवलेला, रबरबँडनं कमरेला आवळलेला एक रिमोट.

"दादा, चित्र आहे, आवाज नाही." दर रविवारी, सकाळी साडेदहाला, फोनवर.

डाव्या अंगठ्यावर सोल्डरिंगच्या डाखणीचा चटका. तीस वर्षांचा. आता तो अंगठ्याचाच भाग.

"चार-चार रिमोट कशाला सांभाळायचे, आई? एकच घेऊ की."

या शेवटच्या वाक्यानं सगळा घात केला. ते बहिणीच्या जावयाचं वाक्य. म्हणून आज रेडिओमामा जावयाच्या शेजारी काचेच्या काउंटरसमोर उभा होता, आणि दुकानदार एकेक रिमोट काढून मांडत होता.

रेडिओमामाचा जन्म रेडिओ, टेप आणि ॲम्प्लिफायर उघडण्यात गेला होता. बहिणीच्या बैठकीतलं होम थिएटर त्यानंच उभं केलेलं. टीव्ही एका कंपनीचा, प्लेअर दुसरीचा, स्पीकर लाकडी खोक्यांत बसवलेले; ॲम्प्लिफायर मात्र स्वतःच्या हातानं जोडलेला. रविवारी ते हमखास अडायचं. अडलं की बहिणीचा फोन. मग मामा यायचा, स्वतःच्या खिशातल्या रबरबँडवाल्या रिमोटचं एक लाल बटण दाबायचा, आवाज यायचा. मग चहा, आणि दोघा भावंडांनी मिळून पाहिलेला एखादा जुना सिनेमा. मेहुणे गेल्यापासून सहा वर्षं हा नेम चुकला नव्हता. त्या लाल बटणाला बहीण 'दादाचं बटण' म्हणायची.

भाचीच्या लग्नाला चारच महिने झाले होते. जावई गुणी होता, बोलायला गोड होता. मामा त्याला पाण्यात पाहायचा.

"हा स्क्रीनवाला," दुकानदार म्हणाला. "नुसतं बोट टेकवायचं."

"आणि बोट ओलं असलं तर?"

"मग हा घ्या. आठच बटणं. वयस्कर माणसांना बरा पडतो."

"वयस्कर कोण आलंय इथं?"

जावई हसला. "हा तिसरा चांगलाय, मामा. यात सगळ्या कंपन्यांचे कोड भरलेलेच आहेत."

"ॲम्प्लिफायर कुठल्या कंपनीचा?" दुकानदारानं विचारलं.

"माझ्या," मामा म्हणाला, आणि त्यानं मनातल्या मनात मिशीला पीळ दिला. घ्या! शोधा आता यादीत.

दुकानदाराला काहीच वाटलं नाही. "मग शिकणारा न्या. जुना रिमोट याच्यासमोर धरायचा, नाकाला नाक लावून. जुन्याचं बटण दाबलं की हा शिकतो. हिरवा दिवा लागला की शिकला. लाल लागला की नापास."

"वा! म्हणजे मामाच मास्तर," जावई खूश झाला. "एकदा याला शिकवलंत की तुमची दगदग संपली बघा."

दगदग! अर्ज केला होता का कुणी सुटकेसाठी?

दुपारी बहिणीच्या बैठकीत वर्ग भरला. आधी वायरी बघायच्या म्हणून मामानं ॲम्प्लिफायर पुढं ओढला. मागच्या बाजूला एकाखाली एक चार खटके होते, रिमोट बंद पडलाच तर हातानं दाबायला. मामाच्या खिशात रिमोट असल्यामुळं त्यांना हात लावायची वेळ त्याच्यावर कधी आली नव्हती. सगळीकडं धूळ. फक्त वरून दुसरा खटका लख्ख. त्याच्याभोवती बोटाएवढी जागा पुसलेली.

मामाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हणजे जावईबापूंचा हात इथवर पोचला तर! आपल्या यंत्राच्या पाठीत, आपल्याला न विचारता.

त्यानं रिमोट नाकाला नाक लावून टेबलावर ठेवले. टीव्ही चालू: हिरवा. प्लेअर चालू: हिरवा. आवाज मोठा, आवाज लहान: हिरवा, हिरवा. नवा विद्यार्थी हुशार निघाला, आणि त्याचंही मामाला वाईट वाटलं.

शेवटी दादाचं बटण. मामानं जुना रिमोट डाव्या हातात घेतला आणि अंगठा सरकवून त्याच्या नाकावर ठेवला. उजव्या हातानं बटण दाबलं.

लाल.

"परत बघा ना, मामा."

लाल.

"घेत नाही हो," मामा म्हणाला. "जुनं सर्किट. नव्यांना नाही कळायचं."

"द्या बरं, मी बघतो." जावयानं हात पुढं केला.

बहीण चहाचे कप घेऊन आली होती. ती टेबलाशी थांबली. तिनं लाल दिव्याकडं पाहिलं, मग मामाच्या अंगठ्यावरच्या डागाकडं. मामानं अंगठा हलवला नाही. कान मात्र तापले.

"राहू द्या हो, जावईबापू," ती म्हणाली आणि जावयाच्या पुढं आलेल्या हातात कप दिला. "एका बटणानं काय अडतंय? त्याला दादा आहे की."

"पण आई, त्यासाठी मामांनी दर रविवारी..."

"येईल. जातोय कुठं? काय रे दादा?"

"बघू," मामा म्हणाला. "वेळ मिळाला तर."

त्यानं जुन्या रिमोटचा रबरबँड काढला, नीट आवळून पुन्हा चढवला आणि रिमोट शर्टाच्या खिशात टाकला. ॲम्प्लिफायर मागं ढकलला.

आवाज आला नाही की मागं हात घालायचा आणि वरून दुसरा खटका दाबायचा, हे बहिणीला सहा वर्षांपूर्वी, नवरा गेल्याच्या पहिल्याच आठवड्यात सापडलं होतं.