सिंहगडाकडे तोंड

तळहातावरचा स्प्रिंग वॉशर — एका जागी कापलेला, जरासा पिळलेला — जयसिंगने अंगठ्याने दाबला आणि सोडला, आणि तो पुन्हा होता तसा झाला. नवीन होता, तपासण्यासारखं त्यात काही नव्हतं. तरी त्याने पुन्हा दाबला. बोटीच्या डोलकाठीला टेकवलेल्या शिडीवर, एक हात पाइपाला अडकवून तो उभा होता आणि सकाळी चहा ठेवताना सुरू झालेलं शोधणं अजून थांबलं नव्हतं... अहो. हा शब्द शालू कसा म्हणायची? शब्द आठवत होता. पदर खोचून, मान थोडी वाकडी करून ती दारात उभी राहायची ते दिसत होतं, ओठ हलताना दिसत होते. आवाज नव्हता. टीव्हीचा आवाज बंद केल्यावर बातम्या देणारी बाई दिसते, तसं.

दिवाळीत ती गेली. तिच्या मोबाईलमध्ये व्हिडिओ पुष्कळ आहेत — नातवाचा वाढदिवस, महाबळेश्वर, कुणाकुणाची लग्नं — पण ते सगळे तिने काढलेले, आणि काढताना हात हलू नये म्हणून ती श्वास रोखून धरायची. सगळे बोलतात, हसतात. तीच तेवढी गप्प. सगळे व्हिडिओ त्याने कान लावून ऐकले. एकात शेवटी शेवटी बांगडी वाजली, तेवढंच.

आणि ऋतुजा. खराडीहून ती रोज फोन करते, बाबा जेवलात का, बाबा इकडे राहायला या. सगळे म्हणतात, पोरीचा आवाज अगदी आईवर गेलाय. हे ऐकायला पूर्वी बरं वाटायचं. पण हल्ली असं व्हायचं, की तिचा फोन ठेवल्यावर तो शालूचं काही आठवायला जायचा आणि शालू ऋतुजाच्या आवाजात बोलायची. म्हणून त्याने फोन उचलणं कमी केलं. मग बंदच केलं. आंघोळीला होतो, बाहेर होतो, असं नंतर लिहून कळवायचा. पोरीला काय वाटत असेल ते कळत होतं. पण जे थोडं उरलंय त्याच्यावर ही रोज बोलत राहिली, तर काय राहणार?

"मिस्त्री, झोप लागली का वर?" खालून बोटीचा ड्रायव्हर धोंडिबा ओरडला.

"बसवतोय."

"हितं रडार कशापाई पण? पल्याडच्या काठाला म्हस उभी हाय, ती मला हितनं दिसतीया."

"मग पोरांना म्हशीपासूनच शिकवू," केबिनमधून सलोनी मॅडम म्हणाल्या. "समुद्रात गेल्यावर जहाजं शोधतील."

खलाशी तयार करणाऱ्या एका खाजगी संस्थेची ही बोट होती, आणि सलोनी मॅडम तिथे शिकवायच्या. मुंबईच्या गोदीत जयसिंगने आयुष्यभर हेच काम केलेलं, म्हणून त्याला शोधून बोलावलं होतं. तो आला तो कामासाठी, आणि खरं सांगायचं तर घरात बसवत नव्हतं म्हणूनही. बोट धक्क्याला बांधलेली, नाळ, म्हणजे पुढचं टोक, धरणाच्या भिंतीकडे. रडार म्हणजे उपड्या घातलेल्या पातेल्यासारखा पांढरा डबा, आत अँटेना फिरतो. भोकं त्याने सकाळीच पाडून ठेवली होती. वॉशर घातले, नट आवळले, पान्याला शेवटचा नेट दिला. हात आपले आपण काम करत होते, त्यांना विचारावं लागत नव्हतं, आणि हात चालू असले की डोकं मोकळं होऊन परत त्याच दारात जाऊन उभं राहत होतं... अहो... ओठ हलतात... काही नाही.

तो खाली उतरला. रडार चालू असताना वर कुणी थांबायचं नसतं.

"लावा," तो म्हणाला.

सलोनी मॅडमनी बटण दाबलं. पडद्यावर काठ उमटले, टेकड्या उमटल्या. त्या बराच वेळ पाहत राहिल्या, मग एकदा काचेतून बाहेर पाहिलं.

"काका, धरणाची भिंत समोर आहे ना आपल्या?"

"समोरच."

"पडद्यावर ती डावीकडे मागे दिसतेय. बोट उलटी चाललीय, नाहीतर धरण हललंय."

"धरान हलल्यालं बरं न्हवं," धोंडिबा म्हणाला. "खाली अख्खं पुणं हाय."

जयसिंग केबिनच्या बाहेर आला आणि त्याने वर पाहिलं. डब्यावर पुढची बाजू दाखवणारी बाणाची खूण असते, ती बोटीच्या नाळेकडे ठेवायची. पहिल्या दिवशी शिकवतात ते हे. त्याची खूण उजवीकडे मागे वळलेली होती. त्या दिशेने त्याची नजर पाण्यावरून गेली, झाडांवरून वर चढली, आणि तिथे सिंहगड होता, आणि गडावर टीव्हीचा मनोरा.

गोदीत हे कधी झालं नाही. गोदीत सिंहगड नव्हता.

पर्वतीच्या पायथ्याची गच्ची, नवाकोरा टीव्ही, आणि कावळा बसला तरी फिरणारा तो अँटेना. सगळ्या गल्लीतले अँटेने एकाच दिशेला तोंड करून, सिंहगडाकडे. शनिवारी तो मुंबईहून यायचा आणि चहाच्या आधी गच्चीवर चढायचा. खाली खिडकीत शालू. एक डोळा टीव्हीवर, डोकं गजांतून बाहेर काढायला बघायची. आलं... गेलं... थोडं मागे... गेलं, गेलं... आलं! थांबा, अहो, तिथेच थांबा! आणि तो पाइप धरून तसाच थांबायचा, कारण हात सोडला की चित्र जायचं. एकदा पिक्चर संपेपर्यंत थांबला होता. खालून ती त्याला गोष्ट सांगत राहिली — आता ती रडतेय, आता तो आला, आता दोघं बोलत नाहीयेत — आणि शेजारची तुळजाबाई म्हणाली होती, नवरा गच्चीवर आणि बायको सिनेमात, छान चाललंय तुमचं.

एवढं सगळं आलं. तुळजाबाईचा घोगरा आवाजसुद्धा आला. शालूचा नाही.

"चुकलं माझं," तो आत येऊन म्हणाला. "उघडून फिरवतो. नवी भोकं पाडावी लागतील."

"राहू द्या की काका. मेनूत दुरुस्ती टाकता येते. मी आकडा भरते, चित्र सरळ होईल. कुणाला कळणारही नाही."

खरंच कळलं नसतं. तो डबा सिंहगडाकडे तोंड करून राहिला असता, बोट कुठेही वळली तरी तेवढाच वाकडा... त्याला मोह झाला. मग वाटलं, बोट वळली की सिंहगडही राहणार नाही तिथे. नुसता वाकडा बसवलेला डबा राहील.

"नको," तो म्हणाला. "बंद करा."

तो पुन्हा वर चढला. पान्याने पहिला नट पकडला, पण फिरवला नाही. पाण्यावर वारा नव्हता. खाली केबिनची खिडकी उघडी होती, आणि आपण हे बोलणार आहोत हे कळायच्या आत तो बोलला,

"मॅडम, जरा ओरडता का? आलं म्हणून?"

"रडार बंद आहे काका. काय आलं?"

"काही नाही. नुसतं ओरडा."

मग सलोनी मॅडमनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं आणि मोठ्याने हाक दिली, "आलं! आलं काका! थांबा तिथेच!"

नाही. असा नव्हता.

तो ताबडतोब म्हणाला हे, मनात, विचार न करता. याच्याहून खालच्या पट्टीतला होता. आणि 'थांबा'मधला 'था' जड नव्हता, ती तो अर्धा गिळायची... त्याने पान्यावरचा हात आवळला. आवाज अजूनही ऐकू येत नव्हता. पण नाही कोण म्हणालं? कशाशी ताडून पाहिलं मी?

"झालं का समाधान?" सलोनी मॅडमनी विचारलं.

"मिस्त्रींना भूक लागली आसंल," धोंडिबा म्हणाला.

खिशात मोबाईल थरथरू लागला. या वेळेला ऋतुजाच असते, जेवणाच्या सुट्टीत. एक हात पाइपावर, दुसऱ्यात पाना, आणि फोन थरथरतोय. मांडीला लागून थरथरतोय तो थांबू नये, असं त्याला बऱ्याच दिवसांत पहिल्यांदा वाटलं. ती बोलेल. बाबा, जेवलात का, म्हणेल. आणि तेव्हाही आतून तसंच कुणी म्हणेल का — नाही, असा नव्हता — की या वेळी काहीच म्हणणार नाही... त्याने पाना दातांत धरला आणि खिशाकडे हात नेला.