नव्वद मिनिटांचं भूत

सकाळी दहाच्या ठोक्याला आमच्या ग्रंथालयाच्या दारात एवढी गर्दी मी तीस वर्षांत पाहिली नव्हती. पुस्तकांसाठी तर नाहीच नाही. लोक आत घुसले, कपाटांकडे ढुंकूनही न बघता थेट वाचनकक्षातल्या आठ संगणकांपाशी गेले. काहींनी खुर्च्यांवर रुमाल टाकून जागा धरल्या. सगळ्यांना भूत बघायचं होतं.

भूत आमच्या जुन्या ग्रंथपालांचं. मोठे साहेब सहा महिन्यांपूर्वी वारले. माणूस कडक, पण सरळ. ते गेल्यावर कोणीतरी संगणकावर ब्राउझर उघडला, तर पहिल्या पानावर साहेबांचा फोटो, चष्म्यावरून रोखून बघणारा, आणि खाली ओळ : ‘शांतता राखा. आपण वाचायला आला आहात.’ ते पान बदलावं म्हटलं तर सेटिंगचं बटण राखाडी, दाबलं तरी ढिम्म. सिनेमाची साइट उघडली तर पाटी यायची, ‘व्यवस्थापकाने मनाई केली आहे.’

आता व्यवस्थापक तर स्मशानात पोचलेला. त्याला आम्हीच खांदा दिलेला. मग मनाई करतंय कोण?

साहेब असतानाही फोटो आणि पाटी होतीच, पण तेव्हा लोक म्हणायचे, म्हातारा रोज सकाळी येऊन लावतो. आता लावायला कोणी नव्हतं. शिपाईमामांनी तर जाहीरच करून टाकलं, “साहेबांचा जीव इथेच अडकलाय. मी संध्याकाळी कुलूप लावताना ते पडद्यातून माझ्याकडे बघतात.” मी म्हटलं, “मामा, तो फोटो आहे. तो सगळ्यांकडेच बघतो.” पण बाइंडरचं कोण ऐकतो? मी मागच्या खोलीत पुस्तकं शिवणारा माणूस. कोणाला खळ हवी असली की माझी आठवण होते.

मग अवतरले यंत्रयोगी.

वाढलेली दाढी, गळ्यात माळेसारखी कॉम्प्युटरची वायर, काखेत जांभळ्या कापडात गुंडाळलेली पोथी. नव्या साहेबांच्या केबिनमध्ये जाऊन म्हणाले, “यंत्रालाही प्राण असतो, वत्सा. तुमच्या यंत्रांची कंपनं दूषित झाली आहेत. मी शुद्ध करीन.” नवे साहेब शिकलेले, पण भित्रे. ‘वत्सा’ ऐकूनच ते विरघळले.

त्या गर्दीच्या दिवशी झाली ती पहिली शुद्धी. योगी तीन नंबरच्या संगणकासमोर बसले आणि स्वतःवर आणि पडद्यावर मोठी शाल ओढून घेतली. “तेज उसळेल. उघड्या डोळ्यांनी पाहाल तर दृष्टी जाईल!” लोकांनी लगेच डोळे मिटले. मी एक उघडा ठेवला. शालीच्या आतून पोथीची पानं उलटल्याचा आणि टकटक टायपिंगचा आवाज येत होता. इतकं बिनचूक टायपिंग करणारं तेज मी पहिल्यांदाच ऐकत होतो.

दहा मिनिटांनी शाल दूर झाली. फोटो नाही, पाटी नाही. बटणही राखाडी राहिलं नव्हतं. एका काकांनी सिनेमाची साइट उघडली, ती उघडली! टाळ्यांचा नुसता कडकडाट. पाठोपाठ बाकीचे सात संगणकही शुद्ध झाले. योगींनी दक्षिणा घेतली आणि लगबगीने निघाले.

दुपारी जेवणाचे डबे उघडतोय तोच मामा किंचाळले. आठही पडद्यांवर साहेब हजर. चष्म्यावरून.

पुढच्या आठवड्यात दुसरी शुद्धी. पुन्हा तेच, दुपारपर्यंत साहेब परत. तेव्हा योगींनी डोळे मिटून खरा रोग सांगितला, “आत्म्याला कोणीतरी धरून ठेवतंय. सूचीच्या टेबलावर बसणारी बाई. ती या वास्तूत असेपर्यंत तो सुटणार नाही.”

मला हसू आलं होतं, ते तिथल्या तिथे विरलं.

पुस्तकांची सूची करणारी ती बाई, म्हणून आम्ही तिला सूचीबाई म्हणतो. नऊ वर्षं हंगामी नोकरीवर. घरी अंथरुणाला खिळलेली सासू, कॉलेजात जाणारी लेक, आणि मिळवणारी ही एकटी. तिला कायम करण्याचा कागद नव्या साहेबांच्या टेबलावर सहीसाठी आला होता. साहेबांनी तो उचलून ड्रॉवरमध्ये टाकला. “पुढच्या सोमवारी शेवटची शुद्धी होऊ द्या बाई,” ते तिच्याकडे न बघता म्हणाले. “तोवर तुम्ही... म्हणजे, मग बघू.” हे ‘मग बघू’ म्हणजे काय असतं ते हंगामी माणसाला बरोबर कळतं.

मला वाटलं, ती रडेल. तिने कोऱ्या सूचीकार्डांचा गठ्ठा काढला. दोन्ही शुद्धींच्या दिवशी तिने आठही संगणकांची नोंद ठेवली होती, सवयीने, जशी ती प्रत्येक गोष्टीची ठेवते. तीच कार्डं माझ्या टेबलावर मांडून म्हणाली, “काका, हे बघा. कधी शुद्ध झालं आणि साहेब कधी परत आले. सर्वांत लवकर ब्याण्णव मिनिटांनी. सर्वांत उशिरा एकशे अठरा. सोळाच्या सोळा वेळा याच्या आतबाहेर नाही. भूत घड्याळ लावून येतं का?”

“साहेब वेळेचे पक्के होते,” मी म्हटलं.

“काका, चेष्टा नको. हे यंत्राचं काम आहे, आणि साहेबांनी ते कुठेतरी लिहून ठेवलेलं असणार.”

हे मात्र खरं होतं. साहेब काहीही लिहिलं की पुस्तकासारखं बांधून घ्यायचे आणि दाखल करायचे. पंख्यांच्या दुरुस्तीची वहीसुद्धा आमच्याकडे दाखल क्रमांकासह कपाटात आहे. सूचीबाईने दाखल नोंदवही चाळली आणि सापडलं : ‘ब्राउझरचे नियम : व्यवस्थापकाची वही’. कपाटात ती जागा मोकळी होती. देवघेवीच्या कार्डावर एकच नोंद होती, साहेब गेल्यावर तीन आठवड्यांनी. सभासद क्रमांक ३१२. पुस्तक परत आलेलं नव्हतं. तीन स्मरणपत्रं गेली होती, तिन्हींवर सूचीबाईची सही.

“वही तुम्हीच बांधली असेल ना? दिसते कशी?” तिने विचारलं.

“काळं कापड. कोपऱ्यांना कापड पुरलं नाही म्हणून हिरवं लावलं. दोरा लाल.” बोलता बोलता मला आठवलं. हिरवा कोपरा मी परवाच पाहिला होता. जांभळ्या कापडातून डोकावत होता, योगींच्या काखेतून.

मग ती हसली. नऊ वर्षांत मी तिला असं हसताना पाहिलं नव्हतं.

सोमवारी गर्दी दुप्पट. सूचीबाईने नव्या साहेबांकडे एवढंच मागितलं होतं, की आज शुद्धीनंतर महाराजांना दोन तास थांबवून घ्यावं. शाल पडली, टकटक झाली, फोटो गेला, टाळ्या वाजल्या. योगी उठले.

“बसा ना, महाराज,” सूचीबाई म्हणाली. “आत्मा कायमचा गेलाय ना? मग घाई कसली?”

“आम्हाला दुसऱ्या यंत्रांची हाक आली आहे.”

“त्यांना म्हणावं रांगेत थांबा,” मी दार ओढून घेत म्हटलं. लोक हसले, आणि हसलेल्या लोकांमधून पळणं कठीण असतं. योगी बसले. सूचीबाईने फळ्यावर वेळ लिहिली आणि दर दोन मिनिटांनी तीन नंबरचा ब्राउझर बंद करून पुन्हा उघडू लागली. तासाभराने योगींना घाम फुटला. दीड तासाने तहान लागली. एकशे चार मिनिटं झाली आणि साहेब आले. बायाबापड्या किंचाळल्या.

सूचीबाईचा आवाज मात्र शांत होता. “महाराज, दाखल क्रमांक १८४०६. मुदत संपून पाच महिने झाले. पुस्तक परत करा.”

“ही सिद्ध पोथी आहे!” योगींनी काख आवळली. “परक्याचा हात लागला तर हात झडेल!”

“मी तीन दिवस तिला खळ लावत होतो, महाराज,” मी दोन्ही हात वर करून दाखवले. “अजून दहाच्या दहा बोटं आहेत.”

नव्या साहेबांना कुठून बळ आलं कोण जाणे, त्यांनी पोथी ओढून घेतली. जांभळं कापड सुटलं. हिरवे कोपरे, लाल दोरा. आमच्या प्रत्येक पुस्तकाच्या सतराव्या पानावर ग्रंथालयाचा शिक्का असतो. त्यांनी सतरावं पान उघडलं. शिक्का होता. शेवटच्या पानाच्या खिशात व्यवस्थापकाचा पासवर्ड होता, आणि वहीवर ‘फक्त कर्मचाऱ्यांसाठी’ असं लिहिलेलं होतं. शिपाईमामा पायाच्या अंगठ्याकडे बघू लागले. “दाढी नव्हती तेव्हा,” ते पुटपुटले. “हा रोज सिनेमा बघायला यायचा आणि पाटी आली की चिडायचा. म्हणाला, फक्त चाळतो, म्हणून मी वही दिली.”

म्हणजे सूचीबाईची स्मरणपत्रं याच्याच घरी जात होती. वहीवर तिची नजर आहे हे त्याला ठाऊक होतं, म्हणून आधी तिला बाहेर काढायचं होतं.

सूचीबाईने वही मोठ्याने वाचली. मागच्या खोलीत एक पेटी आहे. ग्रंथालयाचे सगळे नियम तिच्यात लिहिलेले आहेत. प्रत्येक संगणक दीड ते दोन तासांनी पेटीला विचारतो, काही हुकूम आहे का? आणि हुकूम लागू करतो. पासवर्ड असेल तर संगणकावरचे नियम पुसता येतात, पण पेटीतले तसेच राहतात. नियम पुसले की फेरीची वेळ नव्याने मोजली जाते, आणि पुढच्या फेरीला ते परत येतात.

“पण मग मनाई करणारा व्यवस्थापक कोण?” मामांनी विचारलं.

“मामा, तुम्ही दारावर ‘दार ओढून घ्या’ अशी पाटी लावून घरी जाता. लोक दार ओढतात. तुमचं भूत तिथे बसलेलं असतं का?”

मामा विचारात पडले. “नसतं,” ते म्हणाले. “मी घरी असतो.”

मग पेटी शोधायला सगळी वरात माझ्या खोलीत आली, आणि आता माझी पाळी होती. ती माझ्या टेबलाखालीच होती. मोठ्या साहेबांनी ठेवताना सांगितलं होतं, ‘हिला कधी बंद करू नका.’ ती कायम कोमट असायची, म्हणून मी इतकी वर्षं तिच्यावर ओली पुस्तकं सुकवत होतो. इतरांना अंधश्रद्धाळू म्हणून हसणारा मी, भुताच्या डोक्यावर शब्दकोश वाळत घालत होतो आणि ते काय आहे हे एकदाही विचारलं नव्हतं. वहीसुद्धा मी बांधली, शिवली, दाबली. वाचली नाही. मला खरंच लाज वाटली.

नियमांपुढे साहेबांनी कारणंही लिहिली होती. ‘पासवर्ड साठवू देऊ नये : एका मुलीची पत्रं तिच्यानंतर बसलेल्या माणसाने वाचली.’ ‘सिनेमे बंद : नोकरीचे अर्ज भरणारे बाहेर उभे राहतात.’ आणि पहिल्याच पानावर : ‘मी नसेन तेव्हा हे नियम गरजेप्रमाणे बदलावेत. त्यासाठी आधी वही वाचावी.’

लोक वहीभोवती दाटले. योगी त्या गर्दीत मागच्या दाराने सटकले. वायर तेवढी राहिली. ती आमच्याच प्रिंटरची होती.

नव्या साहेबांनी ड्रॉवर उघडला, कागद काढला आणि सगळ्यांसमोर सही केली. सूचीबाईने पदराने डोळे पुसले आणि माझ्या टेबलाखाली वाकून, वहीत बघत बघत, पासवर्ड बदलला आणि मग पेटीतला एक नियम.

आता आमच्याकडे ब्राउझर उघडला की साहेब तसेच चष्म्यावरून बघतात. खाली नवी ओळ आहे : ‘हे साहेब वारले आहेत. नियम त्यांनी विचार करून लिहिले होते. काही विचित्र दिसलं तर घाबरू नका, सूचीच्या टेबलावर येऊन विचारा.’

लोक येतात आणि विचारतात. वही मात्र अजून कोणी मागितलेली नाही. मी दोनदा वाचली आहे.