नामगुंग सरांची अर्धी सिद्धता

"तुला हे पटणार नाही. आजवर कोणालाच पटलेलं नाही, माझ्या बायकोला तर मुळीच नाही," म्हणत चिल्सोंगकाकांनी झेरॉक्स मशीनचं झाकण आपटलं.

तेग्योमला पटवून घ्यायला सवड कुठे होती? गणिताच्या दुसऱ्या वर्षाचा हा मुलगा कॉलेजच्या मागच्या फाटकापाशी काकांच्या दुकानात फोन धरून बसला होता. कोरियात प्रत्येक मुलाला सक्तीने लष्करात जावं लागतं, त्याची तारीख मिळाली होती, पुढचाच सोमवार. नको असेल तर आज पाचपर्यंत फोनवरूनच रद्द करायची. ॲनालिसिस या विषयाचा पहिला भाग तो जूनमध्ये कसाबसा पास झाला होता. दुसरा फक्त सप्टेंबरात शिकवत. आत्ता गेलं तर अठरा महिन्यांनी फेब्रुवारीत सुटका, मार्चच्या सत्राला हजर, पण दुसरा भाग थेट पुढच्या सप्टेंबरात. तोवर पहिल्यातलं डोक्यात काय उरणार? थांबलं तर दोन्ही भाग सलग, पण पुन्हा तारीख कधी लागेल याचा नेम नाही. त्याने सहा तक्ते आखले होते. सहाही तक्ते आपापल्या परीने रडत होते.

"जा बिनधास्त," काका म्हणाले. "मीपण असाच मधेच गेलो. नामगुंग सर फळ्यावर सिद्धता लिहीत होते, अर्धी झाली आणि माझी बस आली."

"वर्गात बस आली?"

"मधे बोलू नकोस. उत्तर सीमेजवळ, इंजेच्या डोंगरात पोस्टिंग. बर्फ एवढा की झेंड्याची काठी शोधायला माणूस पाठवायचे. सार्जंटने फावडं दिलं, म्हणाला मैदान साफ कर. मी अर्धं केलं. मग उरलेल्याचं अर्धं. मग त्याचं अर्धं."

"मग संपलं कधी?"

"तेच त्याने विचारलं. मी म्हटलं, साहेब, हे संपत नसतं, फक्त संपण्याच्या जवळ जातं. तो म्हणाला, छान, तुझा भातही तसाच वाढतो. पहिल्या दिवशी अर्धी वाटी, दुसऱ्या दिवशी पाव वाटी."

तेग्योमला हसू आलं. गेल्या आठवड्यात पहिल्यांदाच.

"आठव्या दिवशी मी दोनच शितांवर होतो. पण गणित असं मुरलं की झोपेत सिद्धता बडबडायचो आणि अख्खी बराक उतरवून घ्यायची. आमचा स्वयंपाकी आता कुठेतरी प्राध्यापक आहे."

पावणेपाच झाले. एवढ्या उपाशी माणसाचं गणित टिकलं, तर आपलं का नाही? तेग्योमने फोन खिशात टाकला. जाऊ दे, सोमवार तर सोमवार.

काकांना चेव चढला. "आणि शेवट ऐक. बरोबर अठरा महिन्यांनी सुटलो, तडक वर्गात. नामगुंग सर तिथेच उभे, हातात तोच खडू. म्हणाले, आलास? बस. आणि उरलेली अर्धी लिहिली."

तेग्योमने बोटांवर काहीतरी मोजलं. फोन खिशातून काढला, 'रद्द करा' दाबलं आणि मगच मान वर केली.

"काका, तुमच्या वेळी लष्कर तीस महिन्यांचं होतं. माझे बाबा तुमच्याच वयाचे, ते तीस महिने आम्हाला रोज जेवताना वाढतात. तुम्ही अठरा महिन्यांत सुटलात ते काय बर्फातून पळून?"