सूनबाईंनी पारखलेला ॲम्प्लिफायर

मित्रांनो, दिसायला मी म्हणजे एक चपटी काळी लोखंडी पेटी. पुढे तीन बटणं, मागे तारा जोडायच्या जागा आणि पोटात एक जड ट्रान्सफॉर्मर. म्हणून मला उचलणारा प्रत्येक जण आधी कंबर सांभाळतो. मी जुना ॲम्प्लिफायर आहे. मोबाइलमधून किंवा माइकमधून आलेला बारीकसा आवाज घ्यायचा, त्याला बळ द्यायचं आणि स्पीकरकडे धाडायचा, एवढंच माझं काम.

माझा जन्म एका छोट्या कारखान्यात झाला. लांब टेबलाशी बसलेल्या बायकांनी माझ्या पोटातली एकेक तार डाग देऊन जोडली. शेवटच्या टेबलावरच्या चष्मेवाल्या बाईंनी मला तासभर चालवून पाहिलं आणि पाठीवर 'ठीक' असा शिक्का मारला. मला तो पदकासारखा वाटला. पुढे अकरा वर्षं मी एका नृत्यवर्गात काढली. माझ्या तालावर रोज पन्नास-साठ पाय थिरकत. मग तिथे निळ्या दिव्यांचा नवा ॲम्प्लिफायर आला आणि माझी रवानगी एका रिपेअरवाल्याच्या दुकानात झाली, पंख्यांच्या ढिगाखाली. दोन वर्षं माझं बटण कुणी दाबलं नाही. बटणच दाबलं नाही, तर आपण अजून चालतो की नाही हे आम्हाला तरी कसं कळणार?

अशातच एके दिवशी सूनबाई दुकानात आल्या.

सूनबाई शिवणकाम करत. त्यांच्या नवऱ्याने स्वस्तात मिळाले म्हणून बाहेर लावायचे दोन स्पीकर आणले होते आणि हौसेने परसाच्या भिंतीवर ठोकले होते. ते आपणहून बोलत नाहीत, त्यांना ॲम्प्लिफायर लागतो, हे त्याला नंतर कळलं. चार महिने ते तिथे मुक्याने लटकत होते.

घरात आणखी एक जण मुका झाला होता. सूनबाईंचे सासरे, बाबा. एकतीस वर्षं बसस्थानकावर घोषणा करणारा माणूस. घशाचं ऑपरेशन झालं आणि आवाज सुक्या पानासारखा उरला. डॉक्टर म्हणाले होते, "रोज अर्धा तास बोला. ताणून नको, हळू बोला. बोललाच नाहीत, तर आहे तोही आवाज जाईल." पण बाबांना स्वतःच्या आवाजाची लाज वाटे. ते खोलीत बसून राहत आणि काही हवं असलं की चिठ्ठी लिहून देत. परसात गाणी लागली तर निदान खोलीबाहेर तरी येतील, असं सूनबाईंच्या मनात होतं.

दुकानदाराने आधी तसलाच निळ्या दिव्यांचा एक ॲम्प्लिफायर पुढे केला. "हा घ्या ताई. हजार वॅट. गल्ली हलेल."

"गल्ली हलवायची नाही, काका. परसातले दोन स्पीकर बोलते करायचेत." सूनबाईंनी एक चिठ्ठी काढली. स्पीकरच्या पाठीवरचं सगळं त्यांनी उतरवून आणलं होतं: आठ ओहम, पन्नास वॅट. "हे हजार वॅट खरे आहेत, की नुसते स्टिकरवर?"

दुकानदाराला हसू आलं. "तुम्हाला कसं कळलं?"

"कापडावरपण असलीच लेबलं असतात."

मग त्याने पंखे बाजूला करून मला बाहेर काढलं. "हा जुना आहे. पण एका बाजूला चाळीस वॅट, दुसऱ्या बाजूला चाळीस, आणि तेवढे खरे. त्या निळ्याच्या पाव किमतीत देतो."

सूनबाईंनी मला अर्धा तास चालवायला लावलं. मग माझ्या पाठीवर तळहात ठेवला. "शिलाई मशीनची मोटर दमली की माझ्या हाताला कळतं. हा दमलेला नाही," त्या म्हणाल्या. दुकानदाराने जाड तार आणि एक जादा फ्यूज बांधून दिला आणि बजावलं, "याला घरातच ठेवा, पावसात नको. आणि दोनच स्पीकर, तिसरा जोडू नका."

घरी नवऱ्याने मला पाहून तोंड वाकडं केलं. "अगं, हे कुठल्या काळातलं धूड आणलंस?"

"तुमच्या स्पीकरना जीभ नव्हती, ती आणलीय."

शिवणाच्या खोलीत, खिडकीजवळच्या फळीवर मला जागा मिळाली. पहिलं गाणं लागलं तेव्हा बाबा दारापर्यंत आले, कपाळाला आठ्या घालून माझ्यापाशी पोहोचले, घुमणारा आवाज बटणाने कमी केला आणि परत गेले. दुसऱ्या दिवशी परसातल्या खुर्चीवर दोन गाणी संपेपर्यंत बसले. पण बोलले अक्षर नाही.

मग गल्लीत मुलांची सायकल शर्यत ठरली आणि घोषणा करायचं काम सूनबाईंच्या गळ्यात पडलं. त्यांनी मला एक माइक जोडला आणि सराव सुरू केला. सगळी नावं त्या एका दमात, घाईघाईने संपवत. बाबा दोन दिवस खुर्चीत चुळबुळत ऐकत राहिले. तिसऱ्या दिवशी त्यांना राहवलं नाही. त्यांनी आत येऊन माइक हातातून काढून घेतला.

"नाव गिळू नकोस. आधी थांब. मग नाव. मग परत थांब."

मित्रांनो, इतका बारीक आवाज मी आयुष्यात घेतला नव्हता. मी तो जपून उचलला आणि भिंतीवरच्या दोघांकडे पाठवला. परसभर तो घुमला. खरखरीत होता, पण प्रत्येक अक्षर सुटं आणि स्वच्छ. बाबांनी दचकून खिडकीबाहेर पाहिलं. सूनबाई सुईत दोरा ओवत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "मग तुम्हीच सांगा ना बाबा. मला शिलाई उरकायचीय."

त्या मुद्दाम चुकत होत्या की काय, ते मला आजवर उमगलेलं नाही.

शर्यतीच्या सकाळी स्पीकरची तोंडं परसापलीकडच्या गल्लीकडे वळवली गेली. बाबा खिडकीशी माइक घेऊन बसले. दोन फेऱ्या झकास पार पडल्या. तेवढ्यात शेजारच्या जिमवाल्याला आवाज कमी वाटला. त्याने आपले स्पीकरचे चार मोठे खोके आणले आणि कुणाला न विचारता, खिडकीतून तारा आत घेऊन मला जोडले. ते ओझं मला पेलेना. माझा फ्यूज जळाला आणि सगळं गप्प झालं.

नेमक्या त्याच वेळी एका आईच्या लक्षात आलं, की आपली पिवळ्या फ्रॉकमधली चार वर्षांची मुलगी दिसत नाही.

गल्लीचं टोक मोठ्या रस्त्याला लागत होतं आणि तिथून ट्रक जात. सगळे एकदम हाका मारू लागले. कोण कुणाला बोलावतंय तेच कळेना. "तो जुना डबा गेला वाटतं," नवरा म्हणाला. सूनबाईंनी जादा तारा ओढून काढल्या, जळका फ्यूज काढून नवा बसवला आणि बटण दाबलं. माझा लाल दिवा लागला.

बाबांनी माइक ओठांशी नेला. "सर्वांनी आहात तिथेच थांबा. हाका मारू नका." सगळी गल्ली थांबली. "पिवळ्या फ्रॉकवाल्या बाळा, तू आहेस तिथेच खाली बस. आई येतेय. आणि बाळाजवळ जो कोणी असेल, त्याने हात वर करावा."

मग पार टोकाला, उभ्या टेम्पोच्या पलीकडून, एका दूधवाल्याचा हात वर आला. मोठ्या रस्त्यापासून दहा पावलांवर ती मुलगी सांगितल्याप्रमाणे मांडी घालून बसली होती.

शेवटची फेरी मग अशी रंगली म्हणून सांगू! बाबांनी शेवटच्या आलेल्या मुलाचंही नाव पहिल्याच्या थाटात घेतलं. टाळ्या खिडकीतून आत माझ्यापर्यंत आल्या. जिमवाला आपले खोके उचलता उचलता म्हणाला, "माझं चुकलं, वहिनी." आणि सूनबाईंच्या नवऱ्याने स्वतःच्या रुमालाने माझ्यावरची धूळ पुसली.

ही बातमी बसस्थानकापर्यंत पोहोचली. तिथले साहेब घरी आले आणि नव्या मुलामुलींना घोषणा शिकवाल का, असं बाबांना विचारून गेले. आता आठवड्यातून तीनदा परसात वर्ग भरतो. चिठ्ठ्या बंद झाल्या आहेत.

मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखा कुणी अडगळीत पडला असेल, तर त्याला एकदा चालवून पाहा. त्याच्या पाठीवर काय लिहिलंय ते वाचा आणि झेपेल तेवढंच ओझं द्या. त्याच्यावर वह्या-पुस्तकं रचू नका, त्याला वारा लागू द्या. आमची मागणी फार नसते.

कालच वर्गात एक नवी मुलगी आली. आवाज खणखणीत, आणि शेवटच्या घरापर्यंत जावा म्हणून ती मान ताणून ओरडत होती. बाबांनी हात वर करून तिला थांबवलं, खिडकीतून माझ्याकडे बोट दाखवलं आणि आपल्या त्या बारीक आवाजात म्हणाले, "पोरी, ओरडतेस कशाला? तो बसलाय ना आपल्यासाठी."