आत्याच्या चादरी आणि बेकरीचा धूर

बाळांनो, जरा डोळे मिटा. भर समुद्रात एक लहानसं बेट आहे असं समजा, विषुववृत्ताच्या थोडं उत्तरेला. तिथल्या एका गल्लीत कपडे धुण्याचा कारखाना आहे. मागच्या अंगणात वाळवणाच्या दोऱ्या, आणि शेजारी नुकतीच सुरू झालेली बेकरी. तिच्या धुराड्यातला धूर नेमका या दोऱ्यांवर येतो.

कारखाना ठकीच्या आत्याचा. काजळीचे ठिपके पडलेल्या चादरी दवाखान्याने दोनदा परत पाठवल्या होत्या. पुन्हा असं झालं तर काम दुसऱ्याला देऊ, असा निरोपही आला होता. आजच्या चादरी धुऊन पिळून टोपलीत पडल्या होत्या.

"फिरेल वारा आज ना उद्या," आत्या म्हणाली. ती दूरच्या थंड मुलखात वाढलेली. तिथे वारा सकाळी एकीकडून, तर संध्याकाळी भलतीकडूनच यायचा.

"त्यापेक्षा बेकरीवाल्या काकांशी बोल ना," ठकी म्हणाली.

"त्याच्याशी? बोलतंय माझं खेटर!"

ठकी कारखान्यातल्या भट्टीपाशी गेली. तिथे पाणी तापवणारे काका पूर्वी जहाजावर होते.

"काका, वारा कधी फिरणार हो?"

"खाली बस आधी. पायांना काय लागतंय?"

"गार हवा. दारातून येतेय."

"भट्टीजवळची हवा तापते आणि वर जाते. तिची जागा भरायला दारातली गार हवा सरकत येते. विषुववृत्तावरही तेच. तिथे उन्हाने हवा तापून वर चढते आणि उत्तरेकडची हवा तिकडे निघते."

"मग वारा सरळ उत्तरेकडून यायला हवा. आपल्याकडे तर तिरका येतो, ईशान्येकडून."

"फारच शहाणी तू!" काकांनी एक घमेलं पालथं घातलं. "ही पृथ्वी. माथा उत्तरेला, कड म्हणजे विषुववृत्त. मी हे डावीकडून उजवीकडे, म्हणजे पूर्वेकडे फिरवतो. तू निळीत बोट बुडव आणि माथ्यापासून खाली आण. सरळ हं!"

ठकीने जीभ दाताखाली धरून बोट आणलं. रेघ मात्र डावीकडे तिरकी उमटली.

"मी सरळच आणलं होतं!"

"आणलंसच. पण बोट खाली येईपर्यंत घमेलं पुढे सरकलं. वारा निघतो सरळ, त्याच्याखाली पृथ्वी पूर्वेकडे फिरत राहते. म्हणून इथला वारा बहुतेक वर्षभर ईशान्येकडूनच."

"मग तो फिरायचा कधी?"

"पृथ्वी थांबली की. तोवर तुझी आत्या बेकरीवाल्याशी दहा वेळा गोड बोललेली असेल."

ठकी अंगणात आली. धूर त्याच तिरक्या वाटेने येत होता. बेकरीच्या पलीकडचं, ईशान्येचं अंगण लख्ख होतं. तिथे काजळीचा कणही नव्हता. ते होतं बेकरीवाल्याचं. इकडे कारखान्यात आत्याची इस्त्री चालू होती.

ठकीने दोऱ्या सोडल्या, गुंडाळून खांद्यावर टाकल्या आणि बेकरीचं मागचं दार वाजवलं.