सिंकमधला आत्मा

काकूंच्या बैठकीच्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. सगळी गल्ली एका जुन्या मॉनिटरकडे डोळे लावून बसली होती. पडद्यावर एक फाटका, तिरका चेहरा वर सरकायचा, गडप व्हायचा आणि खालून पुन्हा उगवायचा.

"तुमचे मालक वर जातायत," भूतबाधा उतरवणारे महाराज काकूंना सांगत होते, "पण वर आत घेत नाहीत. म्हणून खालून परत येतायत."

आजारी पडण्याआधी काकांनी हा रंगीत मॉनिटर आपल्या जुनाट कॉम्प्युटरसाठी कुठूनसा मिळवला होता. दवाखान्यात नेताना ते एवढंच बोलले, "सिंक जोडायचं राहिलं." ते गेले. काकूंनी आठवण म्हणून यंत्र सुरू केलं, तर हा चेहरा! महाराजांकडे अर्थ तयारच होता: जीव स्वयंपाकघरातल्या सिंकमध्ये अडकलाय. सिंकवर फळी ठोकली गेली. तेव्हापासून काकू न्हाणीघरात उकिडव्या बसून भांडी घासत होत्या. कंबरेचे हाल झाले, पण नवऱ्याच्या डोक्यावर खरकटं पाणी ओतायचं तरी कसं?

महाराजांनी मॉनिटरमागे हात घालून डोळे मिटले. चेहरा मंदावला, थांबला. खोलीभर हात जोडले गेले.

"यंत्र मी घेऊन जातो. तिकडेच बंदोबस्त करीन."

काकूंना भरून आलं. जन्मभर त्या यंत्राला त्यांनी सवत म्हटलं होतं, आणि आता तेवढंच त्यांचं उरलं होतं.

तेवढ्यात पुतणी आली. ती शाळेत विज्ञान शिकवायची. फळीची आणि महाराजांच्या हाताची हकिगत ऐकून तिने कसंबसं हसू आवरलं. एव्हाना चेहरा पुन्हा पळू लागला होता.

"महाराज, आता दोन्ही हात वर ठेवून थांबवा बरं."

"शक्ती पाठीमागूनच जाते."

"जाणारच. बटण मागे आहे. पूर्वी टीव्हीवरचं चित्र पळायला लागलं की आपण फिरवायचो, तेच. काकू, तुम्ही फिरवा."

काकूंनी भीत भीत फिरवलं. चेहरा थांबला आणि जरा वेळाने पुन्हा पळू लागला.

"अगं बाई, माझ्यातही शक्ती आली की," काकू म्हणाल्या.

"तीन तारा तीन रंग नेतात," पुतणी म्हणाली. "चित्र कुठून सुरू करायचं, ते चौथी सांगते. ती नसली की चित्र पळत सुटतं. तिलाही सिंकच म्हणतात, काकू. काका तिच्याबद्दल बोलत होते."

मागे एक तार सुटी लोंबत होती. तिने ती जागेवर खोचली. चित्र सरळ झालं आणि ठाम उभं राहिलं. पडद्यावर काका नव्हतेच. काकांनी ठिपक्याठिपक्यांनी काढलेल्या, चष्मा कपाळावर सरकवलेल्या काकू होत्या.

काकू तोंडाला पदर लावून रडल्या. सवत म्हणे!

महाराज चाचरत म्हणाले, "म्हणजे आता या आत्म्याला शांती..."

"मी जिवंत आहे," काकू म्हणाल्या आणि फळी उपटायला आत गेल्या. थोड्याच वेळात नळाचा आवाज आला. सगळे ऐकत राहिले.

तुमच्यासमोरही कधी असा चेहरा उगवेल. हात जोडायला कोणाची ना नाही. आधी मागे जाऊन तार जोडली आहे का, तेवढं बघा.